प्रवाह स्वतःच डोलू लागतो तेव्हा : डक किनाऱ्यावरील १९८६ च्या नोंदींचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, डक नावाचे छोटे गाव आहे. अमेरिकी सैन्याच्या अभियंता दलाचे किनारा-संशोधन केंद्र तिथे १९७७ पासून चालते. किनारा लांबच लांब, सरळ आणि वाळूचा. केंद्राचा ५६१ मीटर लांबीचा धक्का थेट समुद्रात जातो. सुमारे १०.७ मीटर उंचीचे ‘क्रॅब’ नावाचे तीन पायांचे वाहन फुटणाऱ्या लाटांतून चालत जाऊन तळाची उंची मोजते. भरती-ओहोटीतला फरक साधारण एक मीटर. पाण्याखाली किनाऱ्याला समांतर वाळूचा दांडा असतो आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये खोलगट चर.

लाटा किनाऱ्यावर तिरक्या येऊन फुटल्या की त्यांच्या संवेगाचा किनाऱ्याला समांतर असलेला भाग पाण्याला ढकलतो. त्यातून किनाऱ्यालगतचा प्रवाह तयार होतो. वादळात त्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या पुढे जातो. १९७० मध्ये ब्रिटिश गणितज्ञ लाँग्वे-हिगिन्स यांनी मांडलेल्या सिद्धांताने हे गणित पक्के केले होते : एका बाजूला लाटांचा रेटा, दुसऱ्या बाजूला तळाचे घर्षण, आणि प्रवाहाचा आडवा छेद, म्हणजे काठापासून समुद्राकडे जाताना वेग कसा बदलतो याचा आलेख, गुळगुळीत करणारे आडवे मिश्रण, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांतल्या पाण्याची सरमिसळ. या चित्रात प्रवाह स्थिर आहे. तो भरतीबरोबर, वादळाबरोबर बदलेल, पण मिनिटामिनिटाला नाही. मिनिटांच्या मापात जे हलते ते सगळे लाटांच्या खाती जमा होत असे.

त्या लाटांचेही दोन गट ठरलेले होते. वाऱ्याने उठलेल्या लाटा चार ते वीस सेकंदांच्या. त्यापुढे काही मिनिटांपर्यंतच्या त्या दीर्घ लाटा. दीर्घ लाटांपैकी काही किनाऱ्याच्या उतारात अडकून किनाऱ्याच्या बाजूनेच धावतात. त्यांना काठलाटा म्हणूया. वाळूचे दांडे कुठे व कसे बनतात याच्याशी या काठलाटांचा संबंध असावा असा तेव्हा जोरदार कयास होता. म्हणूनच ऑक्टोबर १९८६ मध्ये डकला झालेल्या ‘सुपरडक’ मोहिमेत त्यांना पकडण्यासाठी खास मांडणी केली गेली.

मांडणी आणि तिच्यातले निर्णय

दांड्याच्या आतल्या चरीत, किनाऱ्याला समांतर, काही शंभर मीटर लांब अशी विद्युतचुंबकीय प्रवाहमापकांची रांग बसवली गेली. प्रत्येक मापक पाण्याच्या दोन्ही दिशांचा वेग देतो : किनाऱ्याला आडवा आणि किनाऱ्याला समांतर. मापकांमधली अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली. या प्रकरणात पुढे जे निघाले ते असमान अंतरे, दोन्ही दिशांचा वेग आणि नोंदीची लांबी या तीन गोष्टींमुळे निघाले, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

अंतरे असमान का? रांगेतली सर्वांत छोटी जोडी २५ मीटरची असेल तर ५० मीटरपेक्षा आखूड तरंग ती ओळखू शकत नाही. तो दुसऱ्याच लांबीचा असल्याचा भास देतो. सगळी अंतरे सारखी ठेवली तर मापक अनेक, पण माहिती त्याच त्या अंतराची. अंतरे वेगवेगळी असली की प्रत्येक जोडी नवे अंतर पुरवते. तेवढ्याच उपकरणांत आखूड व लांब, दोन्ही तरंग दिसतात.

दोन्ही दिशांचा वेग का, फक्त दाब का नाही? दाबमापक स्वस्त, वाळूत टिकाऊ आणि हाताळायला सोपा. काठलाटांपुरते पाहिले तर तो बऱ्यापैकी कामही भागवतो. पण इथे फक्त दाबमापकांची रांग असती तर हे प्रकरण घडलेच नसते. कारण पुढे येईल.

तिसरी गोष्ट नोंदीच्या लांबीची. सेकंदाला दोन नोंदी आणि २०४८ नोंदींचा एक तुकडा, म्हणजे सुमारे १७ मिनिटे, ही लाटामापनातली जुनी वहिवाट. दहा सेकंदांच्या लाटेसाठी ती भरपूर. पण २०० सेकंदांच्या हालचालीची त्यात जेमतेम पाच आवर्तने बसतात, आणि तुकड्यातला सरळ कल काढून टाकला की त्यातलाही बराच भाग नाहीसा होतो. कित्येक तासांची अखंड नोंद हवी. मात्र ती फार लांबवली तर भरती-ओहोटीने खोली बदलते, लाटा फुटण्याची जागा सरकते आणि प्रवाहही बदलतो. चार तासांत २०० सेकंदांची ७२ आवर्तने मिळतात. एक मीटरच्या भरतीसाठी तो बरा मध्यम मार्ग आहे.

बसवण्याच्या कामात काय बिघडते हेही सांगितले पाहिजे. मापक वाळूत खोल रोवलेल्या पाइपांवर बसतात. लाटा जोरात फुटल्या की पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळतात आणि विद्युतचुंबकीय मापकाच्या संकेतात खोटे झटके येतात. दांडा सरकला की मापक वाळूत पुरला जातो किंवा तळापासून फारच उंच राहतो. त्यावर शेवाळ आणि शिंपले चढले की शून्याची जागा सरकते. सगळ्यांत घातक चूक दिशेची. मापक अक्षापासून ५ अंशांनी फिरला असेल, तर किनाऱ्याला समांतर वेगाचा सुमारे ९ टक्के भाग आडव्या वेगात शिरतो. प्रवाह सेकंदाला १ मीटर असेल तर सेकंदाला ९ सेंटिमीटरचा बनावट आडवा प्रवाह दिसू लागतो.

अडचण

वारंवारता आणि तरंगसंख्या (ठरावीक अंतरात किती तरंग बसतात) यांचा एकत्र वर्णपट काढला की प्रत्येक वारंवारतेची ऊर्जा कोणत्या तरंगलांबीत आहे आणि कोणत्या दिशेने जाते आहे हे दिसते. काठलाटांची ऊर्जा त्यात ठरावीक वक्रांवर पडायला हवी. काही ऊर्जा तशी पडलीही.

पण सेकंदाला ०.०१ आवर्तनांपेक्षा कमी वारंवारतेच्या पट्ट्यात, म्हणजे १०० सेकंदांहून संथ हालचालींत, बरीच ऊर्जा भलत्याच ठिकाणी होती. आवर्तकाल शेकडो सेकंदांचा, तरंगलांबी मात्र जेमतेम शंभर मीटरच्या घरातली. वर्णपटात ती ऊर्जा जवळपास सरळ रेषेवर बसलेली. याचा अर्थ असा की त्या पट्ट्यातले सगळे तरंग जवळपास एकाच वेगाने चाललेले. वेगाचे चढउतार सेकंदाला ३० सेंटिमीटरपर्यंत जात होते, म्हणजे सरासरी प्रवाहाच्या मानाने मुळीच क्षुल्लक नव्हते. प्रवाह जोरात असेल तेव्हा त्यांचा वेग वाढे आणि प्रवाहाची दिशा उलटली की तेही उलट दिशेने जात.

हे गुरुत्वीय लाटांत, म्हणजे उचललेले पाणी गुरुत्वाकर्षणाने परत खाली खेचले जाऊन चालणाऱ्या नेहमीच्या लाटांत, का बसत नाही, हे दोन ओळींच्या हिशोबात दिसते. उतार १:२० धरा. अशा किनाऱ्यावर काठलाटेचा सर्वांत संथ प्रकार, म्हणजे शून्याव्या क्रमांकाचा, २०० सेकंदांच्या आवर्तकालाला सुमारे ३.१ किलोमीटर लांब असतो आणि सेकंदाला १५ मीटरहून जास्त वेगाने धावतो. उलट बाजूने पाहा : १०० मीटर लांबीच्या काठलाटेचा आवर्तकाल जास्तीत जास्त ३६ सेकंद. याहून संथ अशी १०० मीटरची गुरुत्वीय लाट त्या उतारावर असूच शकत नाही. डकच्या नोंदींत ती २०० सेकंदांची होती, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर.

समोर असलेले पर्याय

अशा वेळी पहिला पर्याय नेहमी एकच असतो : हा गोंगाट आहे असे म्हणून तो पट्टा कापून टाकायचा. मोहीम काठलाटांसाठी होती आणि काठलाटांचा भाग नीट मिळाला होता. पट्टा कापला असता तरी मूळ उद्देश पुरा झालाच असता. या प्रकरणातला खरा निर्णय हाच, आणि तो उपकरणांनी नव्हे, माणसांनी घेतला.

दुसरा पर्याय : मांडणीची फसवणूक. आखूड तरंग अंतरांच्या मर्यादेमुळे चुकीच्या लांबीचा भासतो आहे का? असमान अंतरांमुळे हे तपासता येते. भास असता तर प्रवाहाच्या जोराबरोबर त्याचा वेग इतक्या शिस्तीत वाढला-घटला नसता, आणि प्रवाह उलटल्यावर दिशा बदलली नसती.

तिसरा : प्रवाहाच्या पाठीवर बसलेल्या काठलाटा. प्रवाह लाटेला पुढे ढकलतो किंवा मागे खेचतो, त्यामुळे तिचा दिसणारा वेग बदलतो, हे खरे. पण सेकंदाला एक मीटरचा प्रवाह १५ मीटरच्या वेगाला अर्ध्या मीटरवर आणू शकत नाही. हा पर्याय गणितानेच बाद होतो.

चौथा : प्रवाहाबरोबर नुसते वाहून जाणारे भोवरे. हा पर्याय सोपा वाटतो, पण तसे असते तर त्यांचा वेग त्या जागच्या प्रवाहाइतकाच असायला हवा होता. तो सातत्याने कमी होता. शिवाय ही हालचाल शेकडो मीटरवरच्या मापकांत एकमेकांशी जुळलेली होती. दिशाहीन खळबळ तशी जुळत नाही.

पाचवा : लाटांच्या टोळ्यांनी दिलेले धक्के. मोठ्या लाटा पाचसहाच्या गटाने येतात आणि प्रत्येक गट प्रवाहाला जादा रेटा देतो. पण दोन मीटर खोलीत गटाचा वेग सेकंदाला चार मीटरहून जास्त, आणि तिरक्या गटाचा ठसा किनाऱ्याच्या बाजूने त्याहूनही वेगाने सरकतो. अर्ध्या मीटरच्या वेगाशी त्याचा मेळ बसत नाही. या पर्यायाकडे पुन्हा येऊ, कारण तो पूर्णपणे संपलेला नव्हता.

सहावा : ही लाट पाण्याच्या पृष्ठभागाची नाहीच, प्रवाहाचीच आहे. प्रवाह नागमोडी डोलतो आहे.

काय केले गेले

नोंदींवर काम करणारे ऑल्टमन-शे, हाउड आणि बर्कमायर यांनी तो पट्टा वेगळा काढून त्याचा सरासरी प्रवाहाशी संबंध तपासला. बोवेन आणि होल्मन यांनी त्याचा सिद्धांत मांडला. दोन्ही लेख १९८९ मध्ये ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये लागोपाठ आले. एका लेखात निरीक्षण, दुसऱ्यात कारण. या जोडीमुळेच दोन्ही विधाने टिकली असे म्हणता येईल. नुसते निरीक्षण विचित्र वाटले असते आणि नुसता सिद्धांत हवेत राहिला असता.

सिद्धांताचा गाभा असा. किनाऱ्यालगतच्या प्रवाहाचा वेग काठाजवळ कमी, थोडे समुद्राकडे गेल्यावर कमाल आणि आणखी पुढे पुन्हा शून्याकडे. जिथे वेग शेजारच्या पट्ट्यापेक्षा वेगळा आहे तिथे पाणी गरगरू पाहते. या गरगरण्याच्या मापाला भ्रमिलता म्हणतात. पाण्याचा स्तंभ उथळ जागी सरकला की आखूड होतो, खोल जागी ताणला जातो, आणि त्याप्रमाणे त्याची भ्रमिलता बदलते. भ्रमिलता भागिले खोली ही राशी मात्र कायम राहते. समुद्राच्या मोठ्या प्रवाहांत पृथ्वीच्या फिरण्यामुळे जी पार्श्वभूमी मिळते, ती इथे प्रवाहाचा आडवा छेदच पुरवतो. पाणी थोडे जरी आडवे सरकले तरी ही राशी त्याला परत ओढते आणि तरंग तयार होतो.

तो तरंग वाढेल की विरेल? ही कसोटी जुनी आहे. सपाट तळासाठी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रेली यांनी ती १८८० मध्येच दिली होती : प्रवाहाच्या छेदात वळणबिंदू हवा, म्हणजे वेगाच्या वक्राची वाकण्याची दिशा जिथे बदलते असा बिंदू. किनाऱ्यावर खोली बदलते, म्हणून कसोटी ‘भ्रमिलता भागिले खोली’ला लागते. तिला छेदात कुठेतरी कमाल किंवा किमान असली पाहिजे. समुद्राकडच्या बाजूला वेग झपाट्याने घटतो तिथे ती सहज सापडते. म्हणून प्रवाहाची समुद्राकडची बाजू किती तीव्र उतरते यावर तरंगाची वारंवारता ठरते. शिखरवेग सेकंदाला १ मीटर आणि ५० मीटरमध्ये तो शून्य, तर ही तीव्रता सेकंदाला ०.०२. अगदी सोप्या, सरळ रेषांच्या छेदात बोवेन व होल्मन यांना तरंगाचा वेग शिखरवेगाच्या साधारण एक-तृतीयांश मिळाला. नोंदींतले वेग पुष्कळदा त्याहून जास्त, अर्ध्याच्या आसपास व वरही होते. ढोबळ छेदाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये.

दाबमापक इथे का फसला असता याचा हिशोब आता करता येतो. दोन मीटर खोलीतल्या गुरुत्वीय दीर्घ लाटेत सेकंदाला ३० सेंटिमीटरच्या वेगाबरोबर पाण्याची पातळी सुमारे १३ सेंटिमीटर वरखाली व्हावी लागते. डोलणाऱ्या प्रवाहात पातळीचा फरक ‘प्रवाह उणे तरंगवेग, गुणिले चढउतार, भागिले गुरुत्व’ इतकाच असतो : ०.५ गुणिले ०.३ भागिले ९.८, म्हणजे दीड सेंटिमीटर. दाबाच्या नोंदीत तो लाटांखाली हरवून जातो. वेग आणि दाब यांचे हेच गुणोत्तर पुढे कसोटी म्हणून रूढ झाले. एकाच खांबावर दोन्ही मापक बसवायचे, आणि वेगाची ऊर्जा दाबावरून अपेक्षित ऊर्जेपेक्षा किती जास्त आहे ते पाहायचे. जेवढी जादा, तेवढी प्रवाहाच्या डोलण्याची. मापकांची लांब रांग नसलेल्या ठिकाणी हाच एक परवडणारा मार्ग आहे.

निष्पन्न

या तरंगांना कर्तन-तरंग म्हणतात; कर्तन म्हणजे प्रवाहाच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या वेगातला फरक. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये डकलाच ‘डेलिला’ मोहीम झाली. तिच्यात किनाऱ्याला समांतर रांगांबरोबर काटकोनातली रांगही होती, म्हणजे प्रवाहाचा छेद आणि तरंग एकाच वेळी मोजता आले. १९९७ च्या ‘सँडीडक’मध्ये मांडणी आणखी विस्तारली. तरंगांचा जोर फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात सर्वाधिक असतो आणि बाहेर झपाट्याने घटतो, हे त्यातून ठळक झाले.

सगळे किनारे सारखे वागत नाहीत. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या लेडबेटर किनाऱ्यावरच्या १९८० च्या नोंदी पुन्हा उघडून पाहिल्या गेल्या. तिथे दांडा नाही, उतार साधा. डकइतके ठळक तरंग तिथे मिळाले नाहीत. दांडा नसला की प्रवाहाचा छेद पसरट होतो, समुद्राकडची बाजू सौम्य उतरते आणि तळाचे घर्षण वाढीला मागे टाकते. घर्षणाचा गुणांक ०.००३, वेग सेकंदाला ०.७ मीटर आणि खोली २ मीटर धरली तर घर्षण तरंगाला सुमारे १६ मिनिटांत २.७ पटींनी खाली आणते. तरंगाची वाढ याहून जलद असेल तरच तो दिसेल.

सर्वांत मोठा परिणाम प्रवाहाच्या प्रतिमानांवर झाला. आडवे मिश्रण म्हणून जो गुणांक आजवर जुळवून घेतला जात होता, त्यातले पुष्कळसे काम हे तरंग स्वतःच करतात. आडवा व समांतर वेग यांच्या गुणाकाराची सरासरी शून्य नसली की संवेग प्रवाहाच्या गाभ्यातून बाहेर वाहतो आणि छेद पसरतो. ओझकान-हॅलर आणि कर्बी यांनी १९९९ मध्ये सुपरडकचीच स्थिती संगणकावर उभी केली, तेव्हा तरंगांमुळे होणारे मिश्रण गणितात घातलेल्या मिश्रणापेक्षा वरचढ ठरले. घर्षण कमी ठेवले की नीटस तरंगांची जागा भोवरे घेतात आणि काही भोवरे सुटून समुद्राकडे जातात. वाळू, सांडपाणी, मत्स्यबीज यांना फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्याबाहेर नेणारी ही एक वाट आहे. किनाऱ्यावर सांडपाण्याची नळी टाकणाऱ्या अभियंत्याने नुसत्या सरासरी प्रवाहावर भिस्त ठेवली तर ती वाट त्याच्या हिशोबात येतच नाही.

एक प्रश्न मात्र या तरंगांनी पुरता सुटला नाही. जुने गणित सांगे की प्रवाहाचे शिखर दांड्याच्या माथ्यावर आणि काठाजवळ असावे. डेलिलात ते अनेकदा चरीत होते. मिश्रणाने चरीतला प्रवाह थोडा वाढतो, पण तेवढ्याने शिखर तिथे येत नाही. लाट फुटल्यावर तिच्या तोंडावर फेसाळ पाण्याचा लोळ (रोलर) चालत राहतो आणि संवेग पाण्याला उशिरा, थोडे किनाऱ्याकडे देतो. मुख्य स्पष्टीकरण याच दिशेने निघाले. नव्या सापडलेल्या कारणाच्या गळ्यात सगळी थकबाकी बांधायचा मोह अशा वेळी होतो, तो टाळलेलाच बरा.

वेगळे काय करता येईल

सुपरडकमध्ये रांग चरीत होती, पण प्रवाहाचा पूर्ण आडवा छेद त्याच क्षणी स्थिर मापकांच्या रांगेने मोजलेला नव्हता. अस्थिरता, म्हणजे प्रवाहाचे आपोआप डोलू लागणे, तर छेदाच्या समुद्राकडच्या बाजूवर अवलंबून. मापक मोजकेच असतील तर ते सगळे एका समांतर रांगेत घालू नयेत. निदान चार-पाच मापक दांड्यावरून समुद्राकडे काटकोनात बसवावेत, आणि त्यातले दोन दांड्याच्या बाहेरच्या उतारावर असावेत. तिथे मापक टिकवणे अवघड असते, म्हणूनच ते बहुधा वगळले जातात.

दिशेची दुरुस्ती मोहीम सुरू होण्यापूर्वीच ठरवावी. आडव्या आणि समांतर चढउतारांत जवळपास पाव आवर्तनाचा फरक असतो, आणि संवेग वाहून नेण्याचे सगळे काम त्या फरकातल्या किंचित ढळण्यावर चालते. पाच अंशांची चूक ते ढळणे झाकून टाकते. प्रत्येक मापकाची दिशा पाणबुड्याकडून बसवताना एकदा, वादळानंतर पुन्हा, अशी तपासून घ्यावी. नोंदींतल्या लाटांच्या मुख्य दिशेशीही ती ताडून पाहावी.

पाचव्या पर्यायाची बाजू पुढे पुन्हा वर आली. सरासरी प्रवाह जवळपास नसतानाही काही मिनिटांचे भोवरे फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्यात सापडतात. त्यांच्यामागे लाटांच्या टोळ्या आणि तुटक तुटक फुटणारे लाटांचे माथे असतात. म्हणून आज संथ, आखूड हालचाल दिसली की तिला लगेच अस्थिरता म्हणता येत नाही. ती सरळ रेषेवर बसते का, प्रवाह मंदावल्यावर मंदावते का, दिशा बदलल्यावर उलटते का, हे तिन्ही पाहावे लागते. ज्या दिवशी प्रवाह नव्हता त्या दिवसाची नोंदही त्यासाठी तितकीच जपून ठेवायला हवी. मोहिमा मात्र बहुतेक वादळाच्याच दिवसांवर भर देतात.

ही पद्धत जशीच्या तशी कोकणात नेता येणार नाही. डकला किनारा दोन्ही बाजूंना कित्येक किलोमीटर एकसारखा आहे. सगळे गणित त्या एकसारखेपणावर उभे आहे. दोन डोंगरी टोकांमध्ये अडकलेल्या पुळणीवर प्रवाह टोकाजवळ वळून समुद्राकडे जातो आणि सरासरीच जागोजागी बदलते. अशा पुळणीवर शंभर मीटरच्या तरंगाला पाचसहा तरंगलांब्यांची मोकळी जागा मिळते की नाही, ते आधी पाहावे. मिळत नसेल तर मापकांची लांब रांग न लावता मध्यभागी एकाच खांबावर वेग आणि दाब सलग चार तास नोंदवावेत, आणि त्यांच्या गुणोत्तरापासून सुरुवात करावी.